टीव्हीवर 32 जीबीचं कार्ड चालतं, 64 जीबीचं चालत नाही: काय करावं?

मानेवाडा_रोड
नमस्कार मंडळी. टीव्ही 2016चा आहे, 32 इंची एलईडी, मागे दोन यूएसबी पोर्ट. कार्ड रीडरमध्ये 32 जीबीचं मायक्रोएसडी टाकून लावलं की गाणी, फोटो सगळं दिसते. तोच रीडर, तोच पोर्ट, पण नवं 64 जीबीचं कार्ड टाकलं की 'डिव्हाइस सपोर्टेड नाही' असंच दाखवून राहिला. लॅपटॉपवर कार्ड बरोबर उघडते. त्यात लग्नाच्या शूटिंगची 6.8 जीबीची एक एमपी4 फाइल आहे, मोबाइलचे थोडे व्हिडिओ आणि गाणी. कार्ड बदलून आणू, की टीव्ही मेकॅनिकला दाखवू?

बर्डीकर
दोन्ही नका करू, भाऊ. आधी एक सांगा: लॅपटॉपवर कार्ड याच रीडरमधून उघडलं, की लॅपटॉपच्या स्वतःच्या खाचेतून? रीडर फार जुना, फक्त एसडीएचसीपुरता (32 जीबीपर्यंतच्या कार्डांपुरता) असेल तर तो 64चं कार्ड ओळखेलच याची खात्री नसते. एकदा हाच रीडर लॅपटॉपला लावून बघा. तिथे उघडलं तर रीडर सुटला.

मग उरतो फॉरमॅट, म्हणजे कार्डावर फाइली मांडायची पद्धत, आणि माझ्या मते तुमचं दुखणं तेच आहे. 4 ते 32 जीबीची कार्डं एसडीएचसी, ती फॅट32मध्ये येतात. 32च्या वरची एसडीएक्ससी, ती कंपनीतूनच एक्सफॅटमध्ये येतात. त्या काळातल्या बऱ्याच टीव्हींना एक्सफॅट वाचता येत नाही. कार्ड चांगलं, टीव्हीही चांगला, फक्त कार्डावरची मांडणी टीव्हीला समजत नाही.

कार्डातला सगळा माल आधी लॅपटॉपवर उतरवून घ्या, फॉरमॅट केल्यावर काहीही उरत नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत 32 जीबीच्या वर फॅट32 हा पर्यायच दिसत नाही, म्हणून रूफस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. बूट सिलेक्शनमध्ये 'नॉन बूटेबल', पार्टिशन स्कीम (कार्डाच्या भागांची नोंद ठेवायची पद्धत) एमबीआर, फाइल सिस्टिम फॅट32, क्लस्टर 32 केबी. स्टार्ट दाबायच्या आधी वर लिहिलेलं ड्राइव्हचं अक्षर आणि आकार दोनदा वाचा. बाजूला पेनड्राइव्ह लावलेला असला तर तोच साफ व्हायचा. 64चं कार्ड विंडोजमध्ये 59च्या आसपास दिसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024च्या, त्यात फसवणूक नाही.

एमबीआर मुद्दाम सांगितलं. जीपीटी या दुसऱ्या पद्धतीने केलेलं कार्ड फॅट32 असूनही काही टीव्ही ओळखत नाहीत.

मानेवाडा_रोड
रीडर तोच होता, लॅपटॉपवर चालला. रूफसने फॅट32 केलं आणि टीव्हीने कार्ड घेतलं! गाणी वाजून राहिली. पण लग्नाची फाइल कॉपीच होत नाही, 'फाइल फार मोठी आहे' म्हणते. कार्डात तर 50 जीबी जागा रिकामी आहे.

सक्करदरा_सर्व्हिस
जागेचा प्रश्न नाही. फॅट32मध्ये एका फाइलचा आकार 32 बिटांत लिहिला जातो, म्हणून एक फाइल 4 जीबीच्या पलीकडे जाऊ शकत नाही. कार्ड कितीही मोठं असो.

दोन वाटा आहेत. टीव्हीचं मॅन्युअल काढा, यूएसबीच्या पानावर 'एनटीएफएस' (हा आणखी एक फॉरमॅट) लिहिलं आहे का बघा. पुष्कळ टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत पण एनटीएफएस वाचतात. तसं असेल तर कार्ड एनटीएफएस करा आणि पूर्ण फाइल टाका, काही कापायची गरज नाही. मात्र ते कार्ड परत कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये टाकाल तर तिथे बहुधा उघडणार नाही.

दुसरी वाट फाइलचे दोन भाग करण्याची. इथे लोक हमखास चुकतात: विनरार किंवा फाइल स्प्लिटरने तुकडे पाडतात आणि मग एकही तुकडा धड चालत नाही. एमपी4 फाइलमध्ये कोणतं चित्र कुठे आहे याची एकच अनुक्रमणिका असते, सुरुवातीला किंवा शेवटी. फाइल मधूनच कापली की एका तुकड्याजवळ अनुक्रमणिकाच उरत नाही आणि दुसऱ्याजवळची चुकीच्या जागा दाखवते.

एमकेव्हीटूलनिक्स हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. फाइल आत ओढा, आउटपुट टॅबवर स्प्लिट मोडमध्ये आकारानुसार हा पर्याय निवडा, 3800 एमबी लिहा. 6.8 जीबीचे दोनच भाग होतील. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि काम काही मिनिटांत उरकतं. फाइल एमकेव्ही होईल, ती बहुतेक टीव्हींना चालते.

धरमपेठ_22
मधेच विचारतो. माझं कार्ड फोनमध्ये चालते, पण लॅपटॉप आणि टीव्ही दोन्हीकडे 'फॉरमॅट करा' म्हणते. तेच कारण का?

सक्करदरा_सर्व्हिस
नाही, फॉरमॅट मुळीच करू नका. अँड्रॉइड 6पासून काही फोनमध्ये कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून जोडता येतं. तसं केलं की कार्ड एन्क्रिप्ट होतं आणि त्याची किल्ली त्या एकाच फोनमध्ये राहते. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा, फोटो-व्हिडिओ उतरवून घ्या, आणि मगच फोनच्या सेटिंगमधून कार्ड 'पोर्टेबल स्टोरेज' करा. फोन बिघडायच्या आत हे काम करून टाका. फोन गेला की कार्डातलं सगळं गेलं.

मानेवाडा_रोड
मॅन्युअलमध्ये एनटीएफएस नव्हतं, म्हणून दोन भाग केले. दोन्ही छान चालून राहिले, आवाजही आहे. आता मोबाइलचे व्हिडिओ. काहींचा फक्त आवाज येतो, पडदा काळा. आणि एका पिक्चरला चित्र आहे, आवाज नाही.

बर्डीकर
फाइलच्या नावातलं एमपी4 किंवा एमकेव्ही हा नुसता डबा. आत काय भरलं आहे ते लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये बघा: फाइल चालू करा, कंट्रोल आणि जे एकत्र दाबा, कोडेकची, म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवायच्या पद्धतीची, माहिती येते.

चित्रासमोर एचईव्हीसी किंवा एच.265 दिसलं तर काळ्या पडद्याचं कारण सापडलं. नवे फोन जागा वाचवायला त्यातच रेकॉर्ड करतात आणि 2016च्या साध्या एचडी टीव्हीत त्याचा डीकोडर बहुधा नसतो. टीव्हीत डीकोडर चिपमध्येच असतो, लॅपटॉपसारखा मागाहून टाकता येत नाही. ते व्हिडिओ हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून 'फास्ट 1080पी30' प्रीसेटने काढा, चित्र एच.264 आणि आवाज एएसी मिळेल. पुढच्यासाठी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' बंद ठेवा. एक बारीक गोष्ट: एच.264 असूनही 10 बिट (रंगांच्या जास्त छटांचं) असेल तर हे टीव्ही अडतात, तेव्हाही हाच उपाय.

आवाज नसलेल्या पिक्चरमध्ये ऑडिओसमोर डीटीएस दिसेल, नाहीतर ई-एसी3. डीटीएस सगळ्या टीव्हींत नसतं, सॅमसंगने तर 2018च्या मॉडेलांपासून काढूनच टाकलं. इथे चित्राला हात लावायची गरज नाही, फक्त आवाज एएसी करायचा. हँडब्रेक चित्रही पुन्हा एन्कोड करतं, त्यात वेळही जातो आणि दर्जाही थोडा उतरतो, म्हणून अशा फाइलला दुसरं सॉफ्टवेअर अ‍ॅव्हीडीमक्स घ्या. व्हिडिओ 'कॉपी', ऑडिओ एएसी, मिक्सर स्टिरिओ, आउटपुट एमकेव्ही, आणि सेव्ह.

सक्करदरा_सर्व्हिस
एक राहिलं. कार्ड नवं आहे, तर एकदा खरं-खोटं तपासून घ्या. बनावट कार्डाचा कंट्रोलर (आतली नियंत्रण चिप) 64 जीबी सांगतो आणि आत 8 किंवा 16च असतात. नावं सगळी दिसतात, सुरुवातीच्या फाइली चालतात, नंतरच्या अडकतात, आणि लोक टीव्हीला दोष देतात. एच2टेस्टडब्ल्यू हे छोटं सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं. रिकाम्या कार्डावर चालवा. सेकंदाला 10 एमबी धरले तर भरायलाच पावणेदोन तास लागतात, वाचायचा वेळ वेगळा, म्हणून रात्री लावून झोपा.

आणि उन्हाळ्यात टीव्हीच्या खोलीत कूलर चालत असेल तर त्या दमट हवेत रीडर महिनोन् महिने पोर्टला लटकवून ठेवू नका, धातूच्या टोकांवर काळपट थर येतो. कार्ड मधूनच गायब व्हायला लागलं तर टीव्ही बंद करून कार्ड काढा, त्याच्या 8 सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने एकाच दिशेने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या आणि मग लावा.