गव्हाच्या बिअर शेजारी शेजारी: जर्मन की बेल्जियन?

प्रश्न: कणसाळ

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी आम्ही पाच जण फक्त गव्हाच्या बिअर चाखणार आहोत. बाटल्या अशा: बेल्जियन होगार्डन 330 मिलीच्या दोन, बाकी जर्मन: एर्डिंगर, वाइहेनस्टेफानर हेफेवाइसबिअर (हेफेवाइस म्हणजे यीस्ट न गाळलेली गव्हाची बिअर), श्नायडरची टॅप 7 आणि आव्हेन्टिनुस प्रत्येकी 500 मिलीची एक. क्रम काय ठेवावा? किती गार असाव्यात? लिंबाची फोड घालावी की नाही यावरून आत्ताच दोन तट पडलेत. शिवाय यांतली तुमची आवडती कोणती आणि का, तेही लिहा. नुसतं 'छान लागते' नको, नेमकं काय लागतं ते हवं.

प्रतिसाद 1: लवंगलता

क्रम: होगार्डन, एर्डिंगर, वाइहेनस्टेफानर, टॅप 7 आणि सगळ्यात शेवटी आव्हेन्टिनुस. होगार्डन 4.9 टक्के अल्कोहोलची, मधल्या तिन्ही साडेपाचच्या आतबाहेर आणि आव्हेन्टिनुस 8.2. ती मध्येच घेतलीत तर तिच्या मनुका-लवंगेच्या चवीनंतर पुढचं सगळं पाणचट लागेल.

होगार्डन 4-5 अंशांवर द्या, मधल्या तिन्ही 7-8 वर, आव्हेन्टिनुस 10-12 वर. फ्रिजमधून काढल्याबरोबर ओतलेल्या हेफेवाइसला वासच येत नाही, कारण केळ्याचा वास देणारं द्रव्य इतक्या गारठ्यात वर उठत नाही. पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. आव्हेन्टिनुस अर्धा तास आधी.

आता खरी अडचण. एक बाटली पाच ग्लासांत सरळ ओतलीत तर पहिल्याला नितळ बिअर मिळते आणि पाचव्याला नुसता गाळ. मग पाच जण पाच वेगळ्या बिअरबद्दल वाद घालत बसतात. म्हणून काचेचा दीड लिटरचा जग गार पाण्यानं विसळून घ्या आणि तो तिरका धरून बाटली हळू रिकामी करा. तळाशी दोन बोटं उरली की बाटली गोल फिरवा, म्हणजे यीस्ट सुटेल, आणि तेही जगात घाला. मग 500 मिलीच्या बाटलीतून प्रत्येकाला 100 मिली. जग लहान घेऊ नका. या बिअरमध्ये गॅस लागरपेक्षा, म्हणजे नेहमीच्या सोनेरी नितळ बिअरपेक्षा, बराच जास्त असतो, फेस भसाभसा वर येतो.

माझी पसंती वाइहेनस्टेफानर. पिकलेलं केळं आधी, लवंग मागून, आणि शेवटी पावाच्या लगद्यासारखी गव्हाची चव. एकही दुसरीला दाबत नाही.

प्रतिसाद 2: आंबवण

लवंगलता यांच्या क्रमाशी सहमत. चव येते कुठून ते लिहितो, म्हणजे चाखताना काय शोधायचं ते कळेल.

जर्मन प्रकारात केळं, लवंग, मसाला असं काहीच घातलेलं नसतं. निम्म्याहून जास्त गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), उरलेलं जवाचं, पाणी, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि यीस्ट. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा, लवंगेचा 4-व्हायनाइल ग्वायाकॉलचा. दोन्ही यीस्टची करणी. लवंग वाढवायची असेल तर ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारा, माल्टचा घोळ 43-45 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं थांबवतो, त्यात फेरुलिक आम्ल सुटतं आणि यीस्ट त्याचंच लवंगेचं द्रव्य बनवतं. केळं वाढवायचं तर आंबवण्याचं तापमान 17-18 वरून 21-22 कडे नेतात. उंच टाकीत मात्र तळाशी दाब वाढतो आणि केळं दबतं. उथळ, उघड्या टाकीत ते फुलतं.

बेल्जियन विटबिअरचं, म्हणजे होगार्डनसारख्या गव्हाच्या बिअरचं, गणित उलटं आहे. तिच्यात गहू बराचसा माल्ट न करता कच्चाच जातो, म्हणून ती दुधाळ दिसते, आणि सुगंधासाठी धणे व कडू संत्र्याची साल सरळ उकळत्या काढ्यात पडते. बेल्जियमच्या होगार्डन गावात ही परंपरा 1950च्या दशकात पार बंद पडली होती. पिएर सेलिस यांनी 1966 साली ती पुन्हा उभी केली. आज जगभर विटबिअर मिळते ती त्यांच्यामुळे.

माझी निवड टॅप 7. बव्हेरियात गव्हाची बिअर गाळण्याचा हक्क राजघराण्याकडे होता, तो 1872 मध्ये गेओर्ग श्नायडर यांनी मिळवला. ही त्याच श्नायडर घराण्याची. रंग गडद मधासारखा, लवंग ठसठशीत, माल्टला भाजलेल्या पावाच्या कडेची चव. एर्डिंगर या रांगेत सर्वात सौम्य आहे. ज्याला लवंग नको त्याला तीच आवडेल, पण नेमकं वैशिष्ट्यच तिच्यात पुसट झालंय असं माझं मत.

प्रतिसाद 3: धणेजिरे

लिंबाची फोड नको. सालीचं तेल फेसावर पसरलं की फेस बसतो आणि लवंग झाकली जाते. होगार्डनमध्ये तर संत्र्याची साल आधीच आहे.

ग्लास आदल्या दिवशी खाण्याच्या सोड्यानं धुवा, भरपूर पाण्यानं विसळा आणि उपडे ठेवून वाळवा. फडक्यानं पुसू नका. ओतल्यावर ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर तिथं ओशटपणा उरलाय असं समजा. त्या ग्लासात फेस टिकणार नाही, आणि दोष बिअरच्या माथी जाईल.

टेबलावर तीन वाट्या ठेवा: एकीत कुस्करलेलं पिकलेलं केळं, दुसरीत ठेचलेल्या दोन लवंगा, तिसरीत भरडलेले धणे. बिअर हुंगायच्या आधी वाटी हुंगायची. नाकाला नाव मिळालं की वास लगेच सापडतो.

चाखताना चिवडा-फरसाण नको, साधा पाव आणि पाणी पुरे. तिखट जेवण सगळं झाल्यावर. होगार्डनची उरलेली बाटली मात्र कोथिंबीर वडीबरोबर उघडा. धण्याला कोथिंबीर भेटते. माझी आवडती तीच.

प्रतिसाद 4: तारीखपंडित

सगळ्यांनी चवीचं लिहिलं, तारखेचं कुणीच नाही. केळ्याचा वास सगळ्यात आधी उडतो. आयात बाटली जहाजात, गोदामात आणि दुकानाच्या फडताळात महिनोन् महिने काढते. मुदत संपलेली नसली तरी ती ताजी असेलच असं नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती शिळी किंवा उन्हाळ्यात तापलेली. एक बाटली ताजी आणि दुसरी वर्षाची असेल तर तुमची तुलना ब्रँडची राहत नाही, वयाची होते. तारखा एका कागदावर लिहून ठेवा आणि निकाल लावताना समोर धरा. आव्हेन्टिनुसला ही अट सैल, ती मुरते.

नावं झाकूनच चाखा. शक्य असेल तर एर्डिंगर आणि वाइहेनस्टेफानर तीन ग्लासांत द्या, दोनांत एकच आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास ओळखायला सांगा. वेगळा ग्लासच ओळखू आला नाही तर कोणती चांगली हा वाद मिटलाच.

कणसाळ

सर्वांचे मनापासून आभार. जग, वाट्या आणि तारखांचा कागद पक्का. एक शंका राहिली: जवळच्या मायक्रोब्रूअरीची (तिथंच बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या ठिकाणाची) ताजी हेफेवाइस ग्राउलरमध्ये, म्हणजे पुन्हा भरून घेता येणाऱ्या मोठ्या बाटलीत, आणली तर ती कुठे बसवायची?

आंबवण

होगार्डननंतर लगेच, एर्डिंगरच्या आधी. ग्राउलर त्याच दिवशी, गळ्यापर्यंत भरून घ्या; वर हवा राहिली की गॅस त्या मोकळ्या जागेत निघून जातो. घरी येईपर्यंत बर्फात ठेवा आणि एकदा उघडलात की त्याच बैठकीत संपवा. गॅस बाटलीपेक्षा कमीच असेल, त्यामुळे फेसावरून तिला गुण कापू नका. केळं मात्र तिचंच सगळ्यात जोरकस निघण्याची शक्यता आहे, कारण ती टाकीतून निघून काही तासच झालेले असतील.