सल्ला हवा: बाबांना 'प्रायमर' दाखवू का?

दुपारचा_चहा
मंडळी, शनिवारी बाबा येताहेत, मुक्काम एकच रात्र. वय ७१, चिंचवडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३२ वर्षं काढलेली. परवा फोनवर म्हणाले, "ते काळात मागं जायचं काहीतरी बघू, पण मारामारी नको." माझ्या डोक्यात 'प्रायमर' (२००४) हा इंग्रजी पिक्चर आहे. मी दोनदा पाहिलाय, निम्मा कळलाय. अटी दोनच. दीड तासाच्या आत संपला पाहिजे, कारण साडेनऊला बाबा झोपतात म्हणजे झोपतात. आणि नवीन सबस्क्रिप्शन घेणार नाही, प्रायमरची डीव्हीडी घरात आहे. दाखवू का? की दुसरं काही?

खिडकीची_सीट
'डार्क' दाखवा. जर्मन मालिका, तीन सीझन, २६ भाग. एकदा बसलात की उठणार नाही.

दुपारचा_चहा
२६ भाग? एक रात्र राहणार आहेत हो ते.

खिडकीची_सीट
मग ठेवून घ्या चार दिवस. वडीलच आहेत ना.

अर्धी_विजार
प्रायमर अजिबात नको, अनुभवाचे बोल. आमच्या साडूंना दाखवला होता. विसाव्या मिनिटाला साडू म्हणाले, "हे भांडताहेत का?" म्हटलं नाही, बोलताहेत. चाळिसाव्या मिनिटाला म्हणाले, "मग आता?" आताही बोलतच होते. नंतर जेवताना सगळे गप्प. अजून लग्नकार्यात भेटले की विचारतात, "काय, नवीन काही कळायला अवघड बघितलं का?"

कोथिंबीर_फुकट
डॉनी डार्को!!! दुसरं नाव घेऊ नका. ऑक्टोबर २००१ मध्ये लागला, गोष्टीत घरावर विमानाचं इंजिन पडतं, आणि अमेरिकेत ११ सप्टेंबरचा विमानहल्ला होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. कोण जाणार बघायला? थेटरात आपटला, मग डीव्हीडीवर लोकांनी डोक्यावर घेतला. फक्त २००४ ची डायरेक्टर्स कट, म्हणजे दिग्दर्शकानं वाढवलेली आवृत्ती, घेऊ नका. वीस मिनिटं जास्त आहेत, आणि जे न सांगण्यात मजा होती तेच समजावून सांगितलंय.

अर्धी_विजार
साधा डॉनी डार्को ११३ मिनिटं आहे. धागाकर्त्यानं दीड तास म्हटलंय.

कोथिंबीर_फुकट
पंचवीस मिनिटांनी कोणी म्हातारं होत नाही.

हैद्राबादी_जोशी
आमच्याकडे याला एकच उत्तर: 'आदित्य ३६९'. तेलुगू, १९९१, दिग्दर्शक सिंगीतम श्रीनिवास राव. यंत्रातून थेट कृष्णदेवरायाच्या दरबारात, साल १५२६, आणि तिथून २५०४ मध्ये. इळैयराजाचं संगीत. लांबीला जरा आहे, गाणी पुढे ढकला. नाही, ढकलू नका, गाणी चांगली आहेत.

जुनी_पेन्शन
मराठी माणसाला या विषयासाठी बाहेर जायची गरजच काय? नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून बघा. बक्षीस मिळालं. वडिलांना 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचून दाखवा, अर्ध्या तासात होतं, वीजही जळत नाही.

अक्षांश_रेखांश
गंगाधरपंत काळात मागं जातच नाहीत. पानिपतात विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि तिथून इतिहासाला फाटा फुटतो. ते समांतर जग झालं, कालप्रवास नव्हे.

जुनी_पेन्शन
वाचकाला फरक पडतो का?

अक्षांश_रेखांश
पडतो. यावर वेगळा धागा काढा.

लांबचा_पल्ला
+१ डॉनी डार्को. जाता जाता, मी मागच्या महिन्यात प्रोजेक्टर घेतलाय, १०० इंची चित्र भिंतीवर. एकदा भिंतीवर बघितलं की टीव्ही म्हणजे कॅलेंडर वाटतं.

खिडकीची_सीट
भिंत कुठल्या रंगाची? आमची पिस्ता आहे, सगळे नट आजारी दिसतात.

दोन_नंबर_गॅरेज
भिंती राहू द्या. प्रायमर सात-आठ वेळा बघितलाय, म्हणून सांगतो.

लांबी ७७ मिनिटं, तेव्हा वेळेत बसतो. शेन कॅरुथ गणित शिकलेला, आधी इंजिनियर. लिहिला त्यानं, दिग्दर्शन, संकलन, संगीत त्याचं, मुख्य कामही त्याचंच. खर्च सुमारे सात हजार डॉलर, आणि २००४ ला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाचं ग्रँड ज्युरी बक्षीस.

बाबांना सुरुवातीला एवढंच सांगा: यंत्र म्हणजे खोकं. सकाळी चालू करून निघून जायचं. दिवसभर हॉटेलात दार लावून बसायचं, कोणाला दिसायचं नाही. दुपारी खोक्यात शिरायचं, ऑक्सिजनची नळकांडी घेऊन. जेवढे तास गेले तेवढे तास आत पडून राहायचं. बाहेर याल तेव्हा सकाळ. लोकलनं ठाण्याहून दादरला परत यायचं तर गाडीत बसावंच लागतं ना, तसंच. म्हणून खोकं चालू केलं त्याच्या आधी जाताच येत नाही. पानिपत विसरा. आणि त्या दिवशी सकाळी तुम्ही दोघं असता, हॉटेलात बसलेले एक आणि खोक्यातून आलेले एक. सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

इंग्रजी येत असलं तरी सबटायटल लावा, पिक्चरमधले दोघं नायक एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. आणि शेवटच्या अर्ध्या तासात थांबवू नका. थांबवलात की दुवा सुटला, मग साडूंसारखं होतं.

अर्धी_विजार
साडूंना मध्ये आणायची गरज नव्हती.

पावशेर
७७ मिनिटांचाच आहे की तो, मग बसतो वेळेत. बाकी शेवटी एकापेक्षा जास्त आरन (दोघांतला एक नायक) फिरत असतात हे लक्षात ठेवलं की सोपा जातो.

दोन_नंबर_गॅरेज
अहो पावशेर! रहस्यभेद लिहा की वर आधी!

पावशेर
वीस वर्षं झाली पिक्चरला.

कोथिंबीर_फुकट
तरी सांगतो, डॉनी डार्को. नसेल तर '१२ मंकीज'.

अक्षांश_रेखांश
१२ मंकीज दोन तासांच्या वर जातो. तो ज्याच्यावरून सुचला तो क्रिस मार्करचा 'ला जेते' (१९६२) २८ मिनिटांचा आहे. सगळे स्थिर फोटो, एकाच ठिकाणी झोपेतली बाई डोळे उघडते आणि चित्र हलतं. प्रायमर सोडला तर दोन्ही अटींत बसणारा पिक्चर हाच, बघा कुठे फुकट मिळाला तर.

दुपारचा_चहा
अपडेट. सगळ्यांचे आभार. प्रायमरच लावला. आणि थांबवू नका सांगितलं होतंत, तर बाबांनी पहिल्या अर्ध्या तासातच अकरा वेळा थांबवला.

पहिला थांबा टायपाशी. दोघं पांढरा शर्ट-टाय घालून गॅरेजमध्ये काम करतात. "टाय घालून मशीनवर? आमच्या फोरमननं गेटाबाहेर काढला असता." मग ते मोटारीखालून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) काढतात. बाबा पुढे सरकून बसले. "आतल्या पॅलेडियम धातूसाठी काढताहेत. पण बोल्ट गंजलेला असणार, असा नाही सुटत." रिमोट माझ्या हातातून घेतला. फ्रिजची तांब्याची नळी, आर्गॉन वायू, प्रत्येक ठिकाणी थांबा आणि एक हकिगत. ३२ वर्षांतलं हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

साडेनऊ वाजले तेव्हा निम्मा पिक्चरही झाला नव्हता. बाबा उठले, झोपले. सकाळी सहाला मला हलवून, "उरलेला लाव. पण आधी सांग, खोकं चालू करून ते गेले, मग दुपारपर्यंत त्याची राखण कोण करत होतं?"

लांबचा_पल्ला
डीव्हीडी प्लेअर कुठला आहे तुमचा? माझा ट्रे बाहेरच येत नाहीये.