सांगली वाढवायची तर कुठे? 'हरित वसाहती'च्या प्रस्तावावर चर्चा

गावभागवाला
कालच्या लेखाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. त्यातलं म्हणणं असं: गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड दर चार वर्षांनी पाण्यात जाणार, म्हणून बाजार आणि वस्ती दोन्ही उचला आणि कुपवाडच्या पलीकडे 200 एकरांत हरित वसाहत बांधा. सोलर, झाडं, पाऊसपाणी साठवण, सगळं तयार.

पुराचं खरं आहे. आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा, 45 फूट धोका, आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पण पेठ म्हणजे गोदामांची रांग नाही. खाली दुकान, वर घर, मागे वखार, हमाल चालत येणारा, अडत्या चालत जाणारा. राहणारा माणूस सात-आठ किलोमीटर लांब नेला की संध्याकाळी सातनंतर पेठ ओस पडते आणि सकाळी तोच माणूस दुचाकीवरून विश्रामबागच्या सिग्नलला उभा असतो. याला शाश्वत म्हणायचं?

वाढ हवीच आहे, पण ती सांगली-मिरज रस्त्याच्या दोन्ही अंगांना, बस जिथे आत्ताच धावते तिथे, नगररचना योजना करून. 200 एकर एका विकासकाच्या हातात देऊन नव्हे.

नकाशा
योजनेच्या बाजूने मीही आहे, पण लोकांना ती माहीत नसते म्हणून सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966, कलम 59 पासून पुढे. आधी इरादा जाहीर होतो, मग नऊ महिन्यांत प्रारूप योजना. सगळ्यांची जमीन कागदावर एकत्र करायची, रस्ते, बाग, शाळा, बाजाराची जागा काढून घ्यायची आणि प्रत्येकाला आकाराने लहान पण चौकोनी, रस्त्याला लागलेला अंतिम भूखंड परत द्यायचा. पुण्याजवळच्या माण-म्हाळुंग्याच्या योजनेत निम्मी जमीन मालकाला परत मिळते. भूसंपादन नाही, म्हणून मोबदल्याचे खटले कमी. वाढलेल्या किमतीचा निम्म्यापर्यंतचा वाटा अंशदान म्हणून घेता येतो, त्यातून गटारं होतात.

दुर्बल घटकांच्या घरांसाठी योजनेतली 10 टक्क्यांपर्यंत जमीन ठेवता येते. खासगी वसाहतीत हे होईलच असं नाही. 20 टक्के लहान घरांची सक्ती दहा लाखांवरच्या शहरांना आहे आणि सांगली, मिरज, कुपवाड ही आपली तिन्ही शहरं मिळून 2011 ला पाच लाखांच्या आसपास होती. हमाल, तोलाईवाला, हळदीच्या कारखान्यातली बाई, यांना त्या हरित वसाहतीत घर कोण देणार?

सातबारा
नऊ महिने कागदावर. अंतिम भूखंड ठरवायला लवाद नेमला, हरकती आल्या की वर्षं जातात. तोवर शेतकरी थांबत नाही, गुंठा गुंठा तोडून विकून मोकळा होतो. 2001 चा गुंठेवारी कायदा आला तो याच घाईमुळे. नियमितीकरण झालं, रस्ता मात्र 15 फुटांचाच राहिला आणि अग्निशमनाचा बंब आत जात नाही. योजना करायची तर पहिला भूखंड तुटण्याआधी. तुम्ही दोघं सांगताय त्या पट्ट्यात ती वेळ बऱ्याच ठिकाणी निघून गेली आहे. 200 एकरांची कोरी जमीन म्हणूनच लोकांना बरी वाटते.

मुरूम
सगळे नकाशावर भांडताय, मातीवर कोणी बोलत नाही. शामरावनगरकडची सगळी वाढ काळ्या मातीत झाली. पावसाळ्यात फुगते, एप्रिलमध्ये हात जाईल एवढी भेग. तिथे मीटरभर चर खणून मुरूम भरतात, वर पीसीसी म्हणजे साधं काँक्रीट, वर वीटकाम. चिकण मातीच्या चरात जाडाभरडा मुरूम म्हणजे पाणी साठायला हौद. पाणी तिथेच मुरतं, पायाखालची माती फुगते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. मालक सिमेंट भरतो, पुढच्या उन्हाळ्यात ती परत उघडते.

उपाय जुना आहे, रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेचा. अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे बोअरमध्ये ओतलेला काँक्रीटचा खांब: 30 सेंमी व्यासाचा बोअर, निदान साडेतीन मीटर खोल, तळाशी अडीचपट म्हणजे 75 सेंमीचा फुगवटा. वरची बीम जमिनीला टेकवायची नाही, खाली 8 सेंमी पोकळी ठेवायची म्हणजे फुगणारी माती तिला उचलत नाही. घराभोवती दीड-दोन मीटर पक्की फरसबंदी, बाहेर उतार. भिंतीला लागून झाड नाही, गळकी सेप्टिक टाकी तर नाहीच.

सातबारा
पुस्तकात बरोबर. नदीकाठच्या क्षारपड जमिनीत हे करून दाखवा. उसाला पाट सोडून सोडून पाणी वर आलंय, मीटर-दीड मीटरवर लागतं. पीक येत नाही म्हणून तीच जमीन आधी प्लॉटिंगला निघते. तिथे बोअर उभा राहत नाही, बाजू ढासळतात, फुगवटा कापताच येत नाही. केसिंग म्हणजे लोखंडी नळी टाकली तर फुगवटा सोडून द्यावा लागतो. बाजू धरून ठेवायला बेंटोनाइटचं चिकण द्रावण वापरलं तर काँक्रीट ट्रेमी पाइपने, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या नळीनेच, तळापासून वर आणावं लागतं, नाहीतर पाईलमध्ये गाळ. दोन मजली घराला हा खर्च कोण करतो?

मुरूम
करू नये, हेच तर म्हणतोय! क्षारपडीवर घरं नकोतच. त्या क्षारांनी विटेला लोणा लागतो, जोत्याचा गिलावा फूटभर उंचीपर्यंत पापुद्र्यासारखा सुटतो, आणि सल्फेट असेल तर काँक्रीटही खातं. तिथे मीटर-सव्वा मीटर खोल सच्छिद्र पाइप टाकून निचरा करा आणि जमीन शेतीला परत आणा.

हळदपेठ
पाया-पाया काय चाललंय? भराव करा आणि जोतं उचला. आणि खरा प्रश्न कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा आहे, 519.6 मीटरवरून 524 च्या वर नेणार, त्यावर कोणी बोलत नाही.

नकाशा
अलमट्टीचा वेगळा धागा काढा, इथे नको. भरावाचा हिशेब मात्र करू. एक हेक्टर दीड मीटर उचलायचं म्हणजे 15,000 घनमीटर, सुमारे 5,300 ब्रास, तेही दाबून बसल्यावरचं. सुटा मुरूम त्याच्या सव्वापट आणावा लागेल. कुठली टेकडी फोडणार? आणि तेवढं पाणी शेजारच्या गल्लीत जाणार. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर इथे पाणी 40 फुटांच्या आसपासच शिरतं. वरच्या अंगाला भराव टाकलात तर त्यांची पातळी तुम्ही वाढवलीत.

निळ्या रेषेच्या आत, म्हणजे 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, नवं बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या, म्हणजे 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या, मध्ये जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंमी वर. हा नियम कागदावर आहे, फक्त पाळायचा.

हळदपेठ
म्हणजे पेठेतल्या माणसाने काहीच बांधायचं नाही? वाडा पडायला आलाय, मिळकतपत्रिकेवर वीस वारसांची नावं, कर्ज मिळत नाही आणि तुम्ही रेषा दाखवताय. एसीत बसून रेषा मारणं सोपं आहे.

नकाशा
एसी-बीसी सोडा. पेठेसाठी मी वेगळं म्हणतोय. तळमजल्यावर राहणं बंद, फक्त दुकान आणि तेही भिजलं तरी चालेल असं: लाकडी फळ्यांऐवजी लोखंडी रॅक, वीजमीटर आणि बोर्ड पहिल्या मजल्यावर, गल्ल्याच्या वह्या आणि माल चढवायला आतून रुंद जिना. हळद तर तळमजल्यावर नकोच. हरिपूरच्या पेवांचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचं, 2005 च्या पुरात काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

हळदपेठ
ते माहीत आहे. जिन्याचं पटलं. बाकीचं नाही.

गावभागवाला
मूळ लेखातला 'पाऊसपाण्यावर स्वयंपूर्ण' हा दावा राहिलाच. सांगलीचा पाऊस 500-600 मिमी. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 500 मिमीप्रमाणे वाया जाणारं सोडून 40,000 लिटर मिळतं. पाच माणसांना माणशी 135 लिटरने रोज 675 लिटर लागतं. म्हणजे दोन महिने, आणि तेही एवढी टाकी बांधली तर. उरलेले दहा महिने कृष्णेचंच पाणी, चढावर पंपाने. 10,000 माणसांच्या वसाहतीला रोज साडेतेरा लाख लिटर. त्यातलं 80 टक्के सांडपाणी म्हणून खाली येणार. ते शहराचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या शेरी नाल्यासारखं परत कृष्णेत सोडणार का, यावर लेखात एक ओळ नाही.

सातबारा
उंचावर असण्याचा एक फायदा मान्य करा. सपाट काळ्या रानात 200 मिमीच्या ड्रेनेज पाइपला 250 ला 1 उतार द्यायचा तर किलोमीटरला चार मीटर खोल जावं लागतं. मग पंपिंग स्टेशन, मग वीज गेली की चेंबर तुंबतात. शोषखड्डे काळ्या मातीत शोषत नाहीत, गुंठ्याच्या प्लॉटवरची टाकी थेट उघड्या गटारात. कुपवाडच्या चढावर उतार आयता मिळतो आणि मुरूम वर आहे. पाया साधा, निचरा साधा. माझ्या मते या मुद्द्यावर तो लेख बरोबर आहे.

गावभागवाला
चढावरची जमीन चांगली, हे नाकारलं कोणी? वाद मालकीचा आणि अंतराचा आहे. तिथे 200 एकरांऐवजी विश्रामबाग ते कुपवाड या मधल्या टापूत 40-40 हेक्टरच्या दोन योजना करा. चार मजल्यांपर्यंत, रस्त्याकडेला तळमजल्यावर दुकानांना परवानगी, दर दहा मिनिटांनी पेठेला बस. पहिली योजना सुरू व्हायच्या दिवशी त्या टापूतल्या गुंठ्यांच्या खरेदीखतांवर नजर ठेवा, म्हणजे सातबारांची भीती खरी होणार नाही.

सातबारा
नजर कोण ठेवणार ते सांगा, मग सही करतो. आणि 40 हेक्टरच्या योजनेत सांडपाणी प्रक्रियेची जागा सगळ्यात खालच्या भूखंडावर आधी आरक्षित करा. शेवटी ठेवली की तिथे कोणाचा तरी अंतिम भूखंड निघतो आणि केंद्र वरच्या बाजूला ढकललं जातं. मग परत पंप.