सिनेमात ब्रँड दिसला तर परवानगी लागते का?

फ्रेम_नाना
कमी बजेटचा मराठी सिनेमा आहे. किराणा दुकानाच्या सीनमध्ये मागे खऱ्या कंपन्यांचे पुडे आणि बोर्ड दिसतील. एका पात्राला थंड पेयाच्या बाटलीतून विष दिलं जातं. तोच माणूस सिगरेटही ओढतो. सगळ्यांची एनओसी घ्यायची की पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये ब्लर करून भागेल?

कलमवाला
दुकानाचं फार मनावर घेऊ नका. लोगोवर कलाकृती म्हणून कॉपीराइट असतो, पण कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(यू) पार्श्वभूमीला किंवा ओघात दिसणाऱ्या कलाकृतीला सूट देतं. कॅमेरा पुड्यावर रेंगाळला की 'ओघात' म्हणणं अवघड.

बाटलीची गोष्ट वेगळी. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २९(४) मध्ये नामांकित ब्रँडच्या लौकिकाला बाधा हा मुद्दा आहे, आणि विष म्हटल्यावर कंपनी तोच धरणार. 'जेलर' (२०२३) या तमिळ सिनेमात भाडोत्री मारेकरी आरसीबी या आयपीएल संघाची जर्सी घालून बाईबद्दल वाईट बोलतो. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि सिनेमा थिएटरात चालू असतानाच निर्मात्यांना तो सीन बदलायचं कबूल करावं लागलं.

आर्टवाली
विषाची बाटली खोट्या ब्रँडचीच करा. नुसतं लेबल बदलून चालत नाही. बुचावर छापलेलं नाव, काचेत उठवलेली अक्षरं, क्रेट, सगळं तपासा. काही बाटल्यांचा आकारसुद्धा नोंदणीकृत असतो, म्हणून साधी, सरळ बाटली घ्या. खोटं नाव ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक सर्चमध्ये वर्ग ३२ (थंड पेयांचा वर्ग) खाली शोधून बघा, नाहीतर खोटं म्हणून ठेवलेलं नाव कुणाचं तरी खरं निघायचं.

ब्लरच्या भरवशावर राहू नका. हलत्या शॉटमध्ये फ्रेम-फ्रेम काम करावं लागतं, आणि प्रेक्षकाची नजर नेमकी त्याच धूसर डागावर जाते. सेटवर पुडे उलटे ठेवणं फुकटात होतं.

कलमवाला
सिगरेटला एनओसीचा प्रश्नच येत नाही. कोटपा, २००३ (तंबाखू नियंत्रण कायदा) खालच्या नियमांनुसार तंबाखूचा ब्रँड पडद्यावर दिसताच कामा नये, कंपनी राजी असली तरी. शिवाय सुरुवातीला आणि मध्ये किमान ३० सेकंदांचे आरोग्य स्पॉट, २० सेकंदांचं दृक्‌श्राव्य निवेदन आणि सीन चालू असेपर्यंत खाली इशारा.

रिलीज_डेस्क
जिथे एनओसी घ्याल तिथे सही नोंदणीकृत मालकाची हवी. डीलरचं किंवा जाहिरात एजन्सीचं पत्र कुचकामी. पत्रासोबत सीनची पानं जोडा. सीन लपवून मिळवलेली परवानगी भांडणाच्या वेळी उपयोगी पडत नाही. 'जगभर, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' हे शब्द घालून घ्या. फक्त थिएटर लिहिलं असेल तर ओटीटीला विकताना तिथेच घोडं अडतं.

विष घेतलेला माणूस दवाखान्यात जाणार असेल तर डॉक्टरच्या बॅगेवर पांढऱ्यावर लाल क्रॉस काढू नका. जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायदा, १९६० नुसार तो सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. हिरवा काढा.