सारकोमा चौथी स्टेज, पुढे काय? मदत हवी आहे
दादाला लायोमायोसारकोमा (सारकोमा कॅन्सरचा एक प्रकार, गुळगुळीत स्नायूंतून होणारा) आहे, मांडीतली गाठ काढली होती पण आता दोन्ही फुप्फुसांत पसरलाय, डॉक्सोरुबिसिनची केमो चालू आहे. नेटवर बघितलं तर लांब पसरल्यावर ५ वर्षं जगणारे साधारण १५ टक्केच दिसतात, पण त्यात सगळे सारकोमा एकत्र धरलेत, प्रकार तर ५० च्या वर आहेत मग तो आकडा ह्याला कितपत लागू धरायचा? डॉक्टर म्हणतात स्कॅन बघून बोलू. फुप्फुसातल्या गाठी मोजक्याच असतील तर ऑपरेशन करतात ना, कोणाच्या घरी झालंय का? आणि डॉक्सो चाललं नाही तर पुढचं औषध ट्रॅबेक्टेडिन की पाझोपॅनिब, कोणाला काय दिलं, किती झेपलं? दादा स्वतः काही विचारत नाही, नुसते रिपोर्ट चाळत बसतो. धीर नको, खरं सांगा प्लीज.