अभिप्राय, कौल की निकाल?

प्रश्न : सरकार न्यायालयाला एखादा प्रश्न विचारतं आणि न्यायालय त्यावर आपलं म्हणणं कळवतं. याला कुणी 'सल्लागार मत' म्हणतं, कुणी 'निकाल', तर कुणी 'कौल'. नेमका शब्द कोणता?

उत्तर : 'अभिप्राय'. या एका शब्दासाठी मी भांडायला तयार आहे.

'सल्लागार मत' आधी बाजूला काढू. सल्लागार म्हणजे सल्ला देणारा माणूस. सल्लागार समिती म्हणणं ठीक, कारण समितीत माणसं असतात. मत कुणाला सल्ला देत नाही, मत हाच सल्ला असतो.

'निकाल' मात्र जास्त नुकसान करतो. निकाल लागायला वाद लागतो, वादी-प्रतिवादी लागतात, कुणीतरी जिंकतं, कुणीतरी हरतं. संविधानाच्या अनुच्छेद १४३ खाली राष्ट्रपती, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार, सर्वोच्च न्यायालयाला सार्वजनिक महत्त्वाचा प्रश्न विचारतात तेव्हा असलं काहीच नसतं. प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिलेला असायला हवा असंही नाही, तो उद्भवण्याचा संभव असला तरी पुरतं. न्यायालय सुनावणी घेतं आणि जे वाटतं ते राष्ट्रपतींना कळवतं. ते सरकारवर बंधनकारक नसतं. 'न्यायालयाने निकाल दिला' असं छापलं की वाचणाऱ्याला हुकूम सुटल्यासारखं वाटतं.

आता मंत्रालयातली फाइल डोळ्यांपुढे आणा. 'विधि व न्याय विभागाचे अभिप्राय घ्यावेत' असा शेरा पडतो, फाइल तिकडे जाते, अभिप्राय घेऊन परत येते. निर्णय मूळ खात्याचाच. अभिप्राय बाजूला सारता येतो, पण तो फाइलीत राहतो आणि पुढे फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. न्यायालयाच्या उत्तराचं वजन नेमकं याच जातीचं आहे. संस्कृतात अभिप्राय म्हणजे मनातला हेतू, आशय. मराठीत त्याला आणखी एक छटा आली. मत न विचारताही देता येतं, अभिप्राय मागवला जातो. मागवणं, कळवणं, नोंदवणं ही क्रियापदं त्याला आपसूक लागतात.

विचारण्याच्या कृतीला 'राष्ट्रपतींचा संदर्भ' म्हणतात तेही मला खटकतं. संदर्भ पुस्तकाला असतो, बोलण्याला असतो. इथे साधी 'विचारणा' आहे.

प्रतिप्रश्न : मग 'कौल' का नको? छोटा आहे, सगळ्यांना कळतो.

उत्तर : कळतो म्हणूनच नको. कौल मूळ अरबी, अर्थ उच्चारलेला शब्द, वचन. मराठीत देवाला कौल लावतात, मतदार कौल देतात. कौल मागणारा तो मानायचा हे मनाशी ठरवूनच विचारतो. एकदा मात्र हा शब्द चपखल बसला असता. १९९८ साली न्यायाधीशांच्या नेमणुकांबद्दल विचारणा झाली तेव्हा, जे उत्तर येईल ते बंधनकारक मानू, असं केंद्र सरकारने महान्यायवाद्यांमार्फत, म्हणजे ॲटर्नी जनरलमार्फत, आधीच सांगितलं होतं. नऊ न्यायाधीशांनी उत्तर दिलं आणि सरन्यायाधीश व चार ज्येष्ठ न्यायाधीशांचं न्यायवृंद (कॉलेजियम), म्हणजे नेमणुकांसाठी नावं सुचवणारं मंडळ, त्यातून ठरलं. पण तिथे बांधून घेतलं ते सरकारने, अनुच्छेदाने नव्हे.

आणि ज्याचा निर्णय आपणच घ्यायचा आहे त्या राजकीय प्रश्नावर कौल लावायची सवय फार वाईट. अयोध्येत बाबरी मशिदीच्या जागी आधी मंदिर होतं का, हा एकच प्रश्न जानेवारी १९९३ मध्ये न्यायालयाकडे पाठवला गेला. ऑक्टोबर १९९४ मध्ये न्यायालयाने उत्तर द्यायला आदरपूर्वक नकार दिला. याला 'उत्तर टाळलं' म्हणणं अन्यायाचं आहे. 'प्रश्न परत केला' म्हणा. अमेरिकेत १७९३ साली तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जेफरसन यांनी युरोपातल्या युद्धात तटस्थ राहण्यासंबंधी २९ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांपुढे ठेवले होते. त्यांनीही ते परत केले, आणि तिथली संघराज्यीय न्यायालयं आजही असे अभिप्राय देत नाहीत. कॅनडाने वेगळी वाट धरली. क्वेबेक प्रांताला देशातून एकतर्फी फुटून निघता येईल का, यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये उत्तर दिलं : येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर वाटाघाटी कराव्याच लागतील. किती मतं म्हणजे 'स्पष्ट' हे मात्र राजकीय नेतृत्वाने ठरवायचं, असं म्हणून न्यायालय तिथे थांबलं. 'अभिप्राय' शब्दात हे थांबणं मावतं, 'कौल' शब्दात मावत नाही.

शब्द घसरतो कसा, याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. फतवा म्हणजे मुळात विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकाराने, दिलेलं मत, म्हणजे अभिप्रायच. मराठीत आज 'पक्षाने फतवा काढला' म्हटलं की हुकूमच कळतो. मूळ अर्थ ऐकून लोक चकित होतात.

प्रतिप्रश्न : बातमीत वापरायचा तर वाक्य कसं करावं?

उत्तर : मे २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी राज्यपाल आणि विधेयकांच्या संमतीबद्दल १४ प्रश्न विचारले, नोव्हेंबरात उत्तर आलं. मी लिहिलं असतं : 'राज्यपालांना न्यायालयाने मुदत घालून देणं योग्य नाही, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपतींना कळवला.' जागा कमी असेल तर 'राष्ट्रपतींना' गाळा, 'अभिप्राय' ठेवा.