ॲट्का म्हातारा झाल्यावर त्याला कोणी पाहिलं होतं का?

एडिसनची_आई:
न्यूयॉर्क राज्यात साउथ सेलमला वुल्फ कन्झर्व्हेशन सेंटर आहे, तिथला ॲट्का. पांढराशुभ्र आर्क्टिक लांडगा. लेक पहिलीत असताना एका वाचनालयातल्या कार्यक्रमात त्याला आणलं होतं. एरवी पाच मिनिटं गप्प न बसणारी पोरं चिडीचूप झाली होती. 2018 च्या सप्टेंबरमध्ये तो गेला, 16 वर्षांचा होऊन. लेक आता कॉलेजात आहे. परवा जेवताना एकदम म्हणाली, "आई, जन्मभर माणसांतच राहिला, त्याला बरं वाटत असेल का गं?" काय सांगणार? शेवटी शेवटी त्याला पाहिलेलं कोणी आहे का इथे?

वेस्टचेस्टरकर:
मी आहे. घर जवळच, त्यामुळे भारतातून पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचं हे ठरलेलं.

त्याचा जन्म मे 2002 चा. अगदी काही दिवसांचं पिल्लू असताना इथे आणला आणि माणसांच्या हातांवरच वाढला. फ्रेंच पियानोवादक एलेन ग्रिमो यांच्या पुढाकाराने 1999 साली हे सेंटर सुरू झालं (पियानोवाल्या बाईंना लांडगे कुठे भेटले, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो). तिथले मेक्सिकन करडे आणि तांबडे लांडगे बरेचसे लोकांच्या नजरेआडच ठेवतात. त्यांतल्या काहींना पुढे रानात जायचं असतं, मग माणसाची सवय नको. तांबडा लांडगा तर 1980 साली रानातून संपलाच होता, आज जो काही आहे तो असा पाळून वाचवलेल्यांचा वंश.

ॲट्काला रानाची वाट नव्हतीच. त्याचं काम व्हॅनमधून शाळाशाळांत जाऊन स्वतःला दाखवण्याचं. मला ते फारसं रुचायचं नाही, खरं सांगते. गुळगुळीत फरशीवर लांडगा कशाला?

म्हातारपणी तो सावलीत पडून असायचा. आम्ही गेलो की मान वर. उठायचं की नाही हे त्याचं तो ठरवायचा, आणि बहुतेकदा नाहीच. उन्हाळ्यात केस गळत तेव्हा अंगावर नुसते पुंजके लोंबायचे, फोटोतला देखणेपणा कुठच्या कुठे. पण एकदा त्याने सूर लावला आणि पलीकडच्या कुंपणांतून एकेक करत बाकीच्यांनी उचलला, तेव्हा माझे मामेसासरे हातातलं सँडविच तसंच धरून उभे राहिले होते. सुखी होता का, माहीत नाही. त्याच्या मनाविरुद्ध त्याला पुढे ओढलेलं मात्र मी पाहिलं नाही.

गुरांचा_डॉक्टर:
काही काळ प्राणिसंग्रहालयात काम केलंय, म्हणून लिहितो. रानात लांडगा सहा-आठ वर्षं जगला तरी पुष्कळ. 16 व्या वर्षी सांधे धरतात, दात झिजतात, मूत्रपिंडं कुरकुरतात. गोळी मांसात दडवून द्यावी, तर पठ्ठ्या मांस खाऊन गोळी बाजूला ठेवतो. आणि माणूस जवळ येऊ न देणाऱ्या जनावराला नीट तपासायचं तर भूल द्यावी लागते. म्हाताऱ्या जिवाला त्या भुलीचीच मोठी भीती. हातावर वाढलेल्याला निदान जवळ बसून पाहता येतं, कुठे दुखतंय ते कळतं. माणसाळल्याचा म्हातारपणी त्याला फायदाच झाला असणार. ताईंना लेकीला एवढं सांगता येईल.

सुपेकर:
आमचे आजोबा सुप्याच्या माळावर वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं बसवायचे. रात्री कुत्री भुंकली की काठी घेऊन पळायचे, तरी वर्षाकाठी कोकरं जायचीच. शिव्या भरपूर घालायचे, पण लांडग्याला विष घालणाऱ्यांशी त्यांचं कधी जमलं नाही. "त्याचा वाटा त्यो नेणारच." आता त्या बाजूला प्लॉट पडलेत. व्हॅनमधून शाळेत जाणारा लांडगा त्यांना सांगितला असता तर हसून लोळले असते. पण इतका म्हातारा लांडगा त्यांनीही कधी पाहिला नसेल. माळावर तेवढं वय कोणाला मिळतंय?

एडिसनची_आई:
डॉक्टर, भुलीचं डोक्यातच आलं नव्हतं. लेकीला पाठवलंय. ती म्हणते, सुपेकरांच्या आजोबांबद्दल आणखी विचार. सुट्टीत दोघी जाऊन येऊ म्हणतोय. सरळ गेलं तर आत सोडतात का?

वेस्टचेस्टरकर:
नाही, आधी नोंदणी करावी लागते. जमलं तर जानेवारीच्या शेवटाला जा. जोड्या जमायचे दिवस असतात, ओरडणं जास्त ऐकू येतं, आणि अंगावर केसही दाट असतात. बर्फातले बूट घाला, चिखल फार.